आधी आवाज सारखा करा, मग निवाडा द्या

एकच पुस्तक दोन प्रकाशकांनी छापले तर कागद, टाइप आणि बांधणी निराळी असते. पण आतले शब्द तेच राहतात. गाण्यांच्या अल्बमचे तसे नसते. तोच अल्बम काही वर्षांनी पुन्हा बाजारात येतो. वेष्टनावर तेच चित्र, आत तीच गाणी आणि त्यांचा क्रमही तोच. पण वाजवून पाहावा तर ड्रम पुढे आलेले, गिटार मागे सरलेली आणि एकंदर आवाज जाडजूड झालेला! मग रसिकांत वाद सुरू होतो. जुनी आवृत्ती चांगली की नवी? तबकडी चांगली की सीडी? असे वाद वर्षानुवर्षे चालतात आणि बहुधा निकालाविना संपतात.

असे का व्हावे? रसिकांचे कान वाईट असतात म्हणून नव्हे. माझ्या मते तुलना करण्याची रीतच चुकलेली असते. गाणे आवडणे न आवडणे हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे, हे मान्य. परंतु ‘ही आवृत्ती त्या आवृत्तीपेक्षा स्पष्ट आहे’ हे विधान आवडीचे नसून वस्तुस्थितीविषयीचे आहे. आणि वस्तुस्थितीविषयीचे विधान तपासता आले पाहिजे. त्याच्या तपासणीत भौतिकशास्त्र आहे, कानाचे विज्ञान आहे आणि थोडे गणितही आहे.

एक अल्बम, तीन आवृत्त्या

उदाहरण म्हणून अमेरिकेतील ‘द स्टूजेस’ या रॉक वाद्यवृंदाचा ‘रॉ पॉवर’ हा अल्बम घेऊ. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर गावच्या या मंडळींनी १९७२ च्या शरद ऋतूत लंडनमध्ये त्याचे ध्वनिमुद्रण केले. गायक इगी पॉप, गिटारवादक जेम्स विल्यमसन आणि बेस व ड्रम वाजवणारे रॉन आणि स्कॉट ॲशटन हे दोघे भाऊ. फेब्रुवारी १९७३ मध्ये कोलंबिया कंपनीने तो बाजारात आणला. तो फारसा खपला नाही. पण ज्यांनी घेतला त्यांनी तो जिवापाड जपला आणि पुढे ‘पंक’ नावाने जे संगीत उदयाला आले त्याच्या मुळाशी या अल्बमचा मोठा वाटा आहे, असे मानले जाते. खप थोडा पण श्रोते निष्ठावंत, अशा अल्बमभोवती एक पंथच तयार होतो. त्यामुळे त्याची प्रत्येक नवी आवृत्ती बारकाईने तपासली जाते.

ध्वनिमुद्रण झाले की गाणे तयार झाले, असे नाही. निरनिराळी वाद्ये फितीवरील निरनिराळ्या मार्गांवर नोंदलेली असतात. कोणते वाद्य किती मोठे, कोणते डावीकडे, कोणते उजवीकडे हे नंतर ठरवून सर्वांचा मेळ घालावा लागतो. याला मिश्रण म्हणतात. ‘रॉ पॉवर’चे पहिले मिश्रण इगी पॉपने केले, पण त्यावर कंपनीचे समाधान झाले नाही. तेव्हा प्रख्यात इंग्रज गायक डेव्हिड बोवी याने बहुतेक गाण्यांचे मिश्रण पुन्हा केले. बोवीने नंतर सांगितले की, त्याच्या हाती चोवीस मार्गांची फीत आली खरी, पण तिच्यात सगळा वाद्यवृंद एका मार्गावर, मुख्य गिटार दुसऱ्यावर आणि आवाज तिसऱ्यावर होता! एकाच मार्गावर बेस आणि ड्रम एकत्र असतील तर त्यातला एकच वर उचलायचा कसा? खिचडी शिजल्यावर डाळ आणि तांदूळ वेगळे करण्यासारखेच ते. ही १९७३ ची आवृत्ती आवाजाला पातळ आहे, तिच्यात बेस आणि ड्रम दबलेले आहेत, अशी तक्रार तेव्हापासून होत आली.

१९९७ मध्ये इगी पॉपने स्वतः केलेले नवे मिश्रण सीडीवर निघाले. त्यात बेस आणि ड्रम पुढे आले. पण त्याचबरोबर सीडीचा आवाज इतका चढवला होता की, रॉकच्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या सीडींमध्ये तिची गणना होऊ लागली. हे चुकून झाले नव्हते. इगी पॉपने ते जाणूनबुजून केले होते. मग २०१० मध्ये कंपनीने बोवीचे जुने मिश्रण नव्याने संस्कारित करून पुन्हा बाजारात आणले. अशा या तीन प्रमुख आवृत्त्या. आता प्रश्न असा की, त्यांची तुलना करायची कशी?

मोठा आवाज म्हणजे काय?

सीडीवर आवाज अंकांच्या रूपात नोंदलेला असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजून तिचा अंक लिहितात. हा अंक १६ बिटांचा असतो. म्हणजे तो उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत कोणताही असू शकतो. त्यापुढे जागाच नाही! हे या माध्यमाचे छत. मनुष्य कितीही उंच असला तरी छताला डोके टेकले की त्याला वाकावेच लागते. तशीच लहर या मर्यादेला पोहोचली की तिचा माथा सपाट कापला जातो.

मग छत ठरलेले असताना एक सीडी दुसरीपेक्षा मोठी वाजते ती कशी? हे नीट समजून घेतले पाहिजे. संगीतात सगळे ध्वनी एका उंचीचे नसतात. तंबोऱ्याचे सलग गुंजन आणि तबल्याची थाप आठवा. थाप क्षणभरच असते, पण तिच्या लहरीचा माथा गुंजनाच्या कितीतरी वर जातो. सर्वसाधारण संगीतात हे माथे सरासरी पातळीच्या सुमारे १२ ते २० डेसिबल वर असतात. १२ डेसिबल म्हणजे लहरीची उंची चौपट आणि २० डेसिबल म्हणजे दसपट. हे उंच माथे छतात मावावेत म्हणून सरासरी आवाज बराच खाली ठेवावा लागतो. ज्याला सरासरी वर न्यायची आहे तो काय करतो? माथेच दाबतो किंवा छाटतो, आणि मग सगळेच वर उचलतो. मोठी सीडी तयार होते ती अशी.

‘रॉ पॉवर’च्या १९९७ च्या सीडीत काही ठिकाणी सरासरी पातळी कमाल मर्यादेच्या अवघी ४ डेसिबल खाली आढळते. या आकड्याचा अर्थ असा. छताला जेमतेम टेकणारा, नादकाट्यासारखा शुद्ध आणि अखंड सूर घेतला, तर त्याची सरासरी पातळी छताच्या सुमारे ३ डेसिबल खाली येते. म्हणजे गिटार, ड्रम आणि माणसाचा आवाज असलेले हे गाणे त्या ठिकाणी न थांबणाऱ्या भोंग्याइतके भरगच्च झाले आहे! ड्रमच्या आघाताला वर जायला जागाच उरलेली नाही. शिवाय छाटलेल्या लहरीत मुळात नसलेल्या वरच्या कंप्रता नव्याने निर्माण होतात आणि त्या आपल्याला खरखरीच्या रूपात ऐकू येतात.

कान फसतो कसा?

येथे कोणी म्हणेल, ‘आवाज मोठा वाटला तर ऐकणाऱ्याने बटण फिरवून कमी करावा. त्यात एवढे काय?’ मुद्दा रास्त आहे. पण तुलना करताना बहुतेक लोक बटण फिरवत नाहीत आणि तेथेच घोटाळा होतो.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. माणसाचा कान सर्व कंप्रतांना सारखाच संवेदनशील नसतो, आणि हा फरक आवाजाच्या पातळीनुसार बदलतो, असे त्यांनी दाखवले. आवाज लहान असताना खर्जातले सूर विशेष क्षीण भासतात. तोच आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणजे एकच गाणे केवळ थोडे मोठे लावले तर त्यात बेस अधिक आहे, ते अधिक भरदार आहे असे वाटू लागते. गाण्यात मात्र काडीचाही बदल झालेला नसतो!

गंमत अशी की, फरक एखाद्या डेसिबलचा असेल तर ‘हे मोठे आहे’ असे आपल्या लक्षातही येत नाही. ‘हे जास्त चांगले आहे’ एवढेच जाणवते. व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. शेजारी शेजारी दोन सीडी लावल्या की मोठी ती बाजी मारते, म्हणून प्रत्येकजण आपली सीडी दुसऱ्यापेक्षा मोठी करू पाहतो. १९९० नंतर ही चढाओढ इतकी वाढली की तिला ‘आवाजाचे युद्ध’ असे नाव पडले.

म्हणून तुलनेचा पहिला नियम असा : दोन्ही आवृत्त्यांची सरासरी पातळी आधी सारखी करा. आणि ती सारखी करताना लहान आवाज चढवू नका, मोठा उतरवा. लहान आवाज चढवला तर त्याचे माथे छताला लागतील. शिवाय मोठा उतरवण्यात आपल्या कानांचेही हित आहे. असे केले की मोठ्या सीडीला फुकटचा फायदा मिळत नाही. उलट तिचे माथे छाटलेले असल्यामुळे ड्रमचा आघात आता बोथट भासण्याचा संभव असतो, आणि ‘पातळ’ म्हणून हिणवलेल्या आवृत्तीत तो ठसठशीत उमटतो.

तीन फरक वेगळे करा

दुसरा नियम : कशाची तुलना चालली आहे ते ठरवा. विज्ञानाच्या प्रयोगात आपण एका वेळी एकच घटक बदलतो. रोपाला पाणी, खत आणि ऊन ही तिन्ही एकदम बदलली, तर वाढ कशामुळे झाली हे सांगता येत नाही. अल्बमच्या आवृत्त्यांतही तीन घटक एकमेकांत गुंतलेले असतात.

पहिला घटक मिश्रणाचा. बोवीचे आणि इगी पॉपचे मिश्रण ही जवळजवळ दोन निराळी चित्रे आहेत. दुसरा घटक मास्टरिंगचा. म्हणजे मिश्रण तयार झाल्यावर सीडी किंवा तबकडी काढण्यापूर्वी एकंदर आवाजावर केलेले संस्कार. १९७३ ची आणि २०१० ची आवृत्ती यांत मिश्रण एकच, मास्टरिंग निराळे. तिसरा घटक माध्यमाचा. तबकडीचे उदाहरण घ्या. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला त्रिज्या सुमारे १४.६ सेंटिमीटर असते, तर आतल्या बाजूला सुमारे ६ सेंटिमीटर. गणित करून पाहा : कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आत मात्र फक्त २१ सेंटिमीटर. तेवढ्याच वेळेचे संगीत निम्म्याहून कमी लांबीत बसवायचे, म्हणून प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात वरचे सूर स्वच्छ उमटणे अवघड जाते. सीडीला ही अडचण नाही.

आता, एखाद्याने १९७३ ची तबकडी आणि १९९७ ची सीडी एकामागून एक ऐकली आणि ‘तबकडीच श्रेष्ठ’ असा निकाल दिला, तर तो ग्राह्य धरायचा का? मुळीच नाही. त्याच्या तुलनेत मिश्रण, मास्टरिंग आणि माध्यम ही तिन्ही एकदम बदललेली आहेत. दोष बहुधा छाटलेल्या माथ्यांचा असतो आणि शिव्या मात्र बिचाऱ्या सीडीला बसतात.

नाणेफेकीची कसोटी

तिसरा नियम : कोणती आवृत्ती वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नका. ‘ही महागाची’, ‘ही मूळची’ हे माहीत असले की कान आधीच पक्षपाती होतो. बोवीचे आणि इगीचे मिश्रण ओळखायला अशा कसोटीची गरज नाही. ते कोणालाही ओळखता येईल. पण एकाच मिश्रणाच्या दोन मास्टरिंगांत फरक ऐकू येतो असे कोणी म्हणत असेल, तर ही कसोटी जरूर घ्यावी.

तुमच्या संगणकावर असलेल्या कोणत्याही गाण्यावर हा प्रयोग करता येईल. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्यांमधला तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या. ध्वनिसंपादनाच्या साध्या प्रणालीने दोन्हींची सरासरी पातळी सारखी करा. मित्राला आडोशाला बसवा. त्याने आधी दोन्ही तुकडे नाव सांगून ऐकवावेत. मग नाणे उडवून छापा आला तर पहिला, काटा आला तर दुसरा तुकडा नाव न सांगता वाजवावा. तुम्ही उत्तर कागदावर लिहा. असे दहा वेळा करा आणि शेवटी ताळा पाहा.

दहापैकी सात उत्तरे बरोबर आली तर आनंदून जाऊ नका. दहा वेळा नुसता अंदाज करण्याचे एकूण प्रकार २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४. त्यांपैकी १७६ प्रकारांत सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येतात. म्हणजे काहीही न ऐकणारा माणूससुद्धा साधारण सहातून एकदा एवढे यश मिळवील! नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याचे प्रकार मात्र फक्त ११. म्हणजे शंभरात जेमतेम एक. तेव्हा नऊ बरोबर आली तर फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला चांगला आधार मिळतो.

अशा कसोटीने रसिकतेचा अपमान होतो, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्याला फरक खरोखर कळतो त्याचे कान या कसोटीत उजळून निघतात. आवड सिद्ध करावी लागत नाही. दावा मात्र सिद्ध करावा लागतो.

मग निवाडा काय?

‘रॉ पॉवर’पुरते माझे मत सांगतो. दबलेले बेस आणि ड्रम वर आणण्याची इगी पॉपची इच्छा योग्य होती आणि आपल्या गाण्यांचे मिश्रण पुन्हा करण्याचा त्याचा हक्कही निर्विवाद आहे. पण मिश्रण सुधारणे आणि आवाज चढवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बेस पुढे आणण्यासाठी सगळे माथे छाटण्याची गरज नव्हती. ती खरखर कोणाला जोशपूर्ण वाटत असेल तर वाटो. त्या गायकालाही तसेच वाटत होते. परंतु त्या जोशाची किंमत कशात मोजली गेली हे ऐकणाऱ्याला ठाऊक हवे. छाटलेला माथा घरच्या यंत्राचे बटण फिरवून परत मिळत नाही. ज्या सीडीत माथे शाबूत आहेत ती सीडी ज्याला हवी त्याने खुशाल मोठी वाजवावी. एका वाटेवरून मागे फिरता येते, दुसऱ्या वाटेवरून नाही. आणि जेथून मागे फिरता येते ती वाट धरणे शहाणपणाचे.

त्याहून गंभीर गोष्ट आणखी एक आहे. नवी आवृत्ती आली की जुनी दुकानातून नाहीशी होते. १९९७ नंतर अमेरिकेत ज्याने नवीन सीडी विकत घेतली, त्याच्या दृष्टीने ‘रॉ पॉवर’ म्हणजे इगी पॉपचेच मिश्रण. १९७३ साली लोकांनी काय ऐकले, ज्या आवाजाने पुढचे वादक भारले गेले तो आवाज कसा होता, हे त्याला २०१० पर्यंत सहजासहजी कळण्याजोगे नव्हते. जुने नकाशे नवे छापले म्हणून आपण जाळून टाकत नाही. ध्वनिमुद्रण हाही एक दस्तऐवज आहे. त्यात सुधारणा जरूर करावी, पण मूळ प्रत शेजारी ठेवून.

परिस्थिती आता थोडी पालटली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या अनेक सेवा आज अशाच मोजणीच्या आधारे सर्व गाण्यांची पातळी आपोआप सारखी करतात. तेथे माथे छाटून मोठे केलेले गाणे मुकाट्याने खाली उतरवले जाते. म्हणजे आवाज चढवण्यातला फायदा गेला, नुकसान तेवढे उरले. पण जी गाणी या चढाओढीच्या काळात छाटून निघाली, ती तशीच राहिली आहेत. मूळ फितींवरून त्यांचे मास्टरिंग पुन्हा करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

म्हणून माझी सूचना अशी. औषधाच्या बाटलीवर घटक छापतात, तशा प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेष्टनावर तीन ओळी छापल्या जाव्यात : मिश्रण कोणाचे व कोणत्या वर्षीचे, मास्टरिंग कोणत्या फितीवरून आणि केव्हा केले, आणि आवाजाची सरासरी पातळी कमाल मर्यादेच्या किती डेसिबल खाली आहे. या तीन ओळी छापायला खर्च नाही, आणि वर्षानुवर्षांचे निम्मे वाद त्यांनी मिटतील. उरलेले निम्मे वाद आवडीचे असतील. ते खुशाल घाला, कारण गाण्यांवर वाद घालण्यातही मोठी मौज आहे. मात्र वादाला बसण्यापूर्वी दोन्ही आवाज सारखे केले आहेत ना, एवढे एकमेकांना विचारायला विसरू नका.